सावलीतली सोसायटी: घर घेण्याआधी आणि राहायला गेल्यावर

विलेपार्ले पूर्व, मुलुंड, ठाण्याचा नौपाडा, पुण्याचं सहकारनगर किंवा कोथरूड. या भागांतल्या तीन-चार मजली जुन्या सोसायटीत घर बघायला गेलेलं माणूस बहुतेकदा गेटपाशीच विरघळतं. दाराशी पर्जन्यवृक्षाची सावली, कंपाउंडात मुलांचा क्रिकेटचा डाव, पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून विचारतात, "कोणाकडे आलात?" शाळा, मंडई, वाचनालय सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. वर जाऊन फ्लॅट बघेपर्यंत मनाने होकार दिलेला असतो.

त्या होकारात काही गैर नाही. मुलं वाढवायला आणि म्हातारपण काढायला अशा सोसायटीसारखी जागा शहरात क्वचितच मिळते. मात्र तुम्ही नेमकं काय विकत घेताय, ते आधी समजून घ्या. सहकारी गृहनिर्माण संस्थेत तुम्हाला मिळतात ते शेअर्स आणि एका फ्लॅटमध्ये राहण्याचा हक्क. जमीन, जिना, गच्ची, पाण्याची टाकी, कंपाउंड आणि तो पर्जन्यवृक्ष हे संस्थेचं, म्हणजे सगळ्यांचं. ज्याला भुलून तुम्ही घर घेता, ते जवळजवळ सगळं या सामाईक भागात असतं आणि त्याचं भवितव्य सर्वसाधारण सभेत ठरतं. म्हणून फ्लॅटच्या टाइल्सपेक्षा संस्थेची कागदपत्रं अधिक बारकाईने बघा, आणि राहायला गेल्यावर सभा चुकवू नका.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तळमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. पुढे बांद्रा पूर्वेला लेखकांनी एकत्र येऊन 'साहित्य सहवास' ही वसाहत बांधली. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ अशी माणसं तिथे शेजारी-शेजारी राहिली आणि सचिन तेंडुलकरचं बालपण तिथल्याच आवारात गेलं. आज ज्यांना आपण 'चांगली वस्ती' म्हणतो, त्यांतल्या कितीतरी वसाहती अशा वर्गणी काढून, भूखंड मिळवून, पै-पैचा हिशेब ठेवून उभ्या राहिल्या आहेत. तो हिशेब ठेवणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. नव्याने येणाऱ्या कुटुंबाने त्यात हात घातला नाही, तर पुढे तो ठेवणारं कोणी उरणार नाही.

कागद आधी

तुम्ही अजून सभासद नसल्यामुळे संस्था तुम्हाला थेट कागद दाखवायला बांधील नाही. पण विकणारा सभासद आहे, आणि ठरलेली फी भरून उपविधी, इतिवृत्त, हिशेबपत्रकं यांच्या प्रती मागण्याचा हक्क त्याला आहे. टोकन देण्याआधी त्याला सांगा, "गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि वार्षिक सभांची इतिवृत्तं मला वाचायला हवीत." खळखळ केली, तर का करतोय ते विचारा.

इतिवृत्तात सोसायटीचा स्वभाव कळतो. एकाच गळतीची तक्रार तीन वर्षं लिहिलेली असेल, कोणाची थकबाकी दरवर्षी वाढत असेल, एखादा दावा सहकार न्यायालयात पडून असेल, तर तो सगळा वारसा फ्लॅटबरोबर तुमच्याकडे येणार आहे. लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांवर समितीने दोषदुरुस्ती अहवाल दिला की नाही, हेही बघा.

त्यानंतर मालमत्ता पत्रक. जुन्या वसाहतींत नेहमी सापडणारी अडचण म्हणजे इमारत चाळीस वर्षांची झाली तरी जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर. १९६३च्या मोफा कायद्यानुसार संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन तिच्या नावावर करून देणं ही बिल्डरची जबाबदारी होती. ती पाळली गेली नाही म्हणून २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बोलीभाषेतल्या डीम्ड कन्व्हेअन्सची, वाट खुली झाली. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून संस्था जमीन आपल्या नावावर घेऊ शकते. ते झालेलं नसेल तर घर घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. पण काम कुठवर आलंय ते विचारा. "बघू, करायचंय" असं उत्तर मिळालं तर किमतीत ते दिसायला हवं. जमीन भाडेपट्ट्यावर असेल, तर किती वर्षं उरलीत आणि हस्तांतराला कोणाची परवानगी लागते, हेही बघून ठेवा.

जुन्या सोसायटीत आणखी एक गोष्ट हमखास आडवी येते. मूळ सभासद वारलेले, एक मुलगा न्यू जर्सीत, मुलगी सिंगापूरला, आणि विकायला आलेला तिसरा म्हणतो, "माझं नॉमिनेशन आहे ना." नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. नॉमिनी वारसांच्या वतीने जागा सांभाळतो, एवढंच. बाकीच्या वारसांची नोंदणीकृत हक्कसोड पत्रं किंवा सह्या हव्यातच. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर टीडीएसचा हिशेब नेहमीच्या १ टक्क्यावर भागत नाही, आणि कर कमी कापला गेला तर नोटीस खरेदीदाराला येते. करारावर सही करण्याआधी सीएला विचारा.

हस्तांतर शुल्काबद्दलही स्पष्ट राहा. महापालिका क्षेत्रात संस्था जास्तीत जास्त २५,००० रुपये हस्तांतर अधिमूल्य घेऊ शकते. शिवाय ५०० रुपये हस्तांतर फी आणि १०० रुपये प्रवेश फी. इमारत निधीला ऐच्छिक देणगी म्हणून यावर लाखभर मागितले जात असतील, तर ती मागणी लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

मेंटेनन्स कमी आहे, याचा आनंद जपून

"आमच्याकडे मेंटेनन्स अगदी कमी हो!" हे वाक्य जुन्या सोसायट्यांत अभिमानाने सांगितलं जातं. या वाक्यापाशी मात्र थांबा आणि बिल हातात घ्या.

आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के घ्यायचा असतो. आता समजा, फ्लॅटचा बांधकाम खर्च १९८५ साली १,२०,००० रुपये होता. ०.२५ टक्क्याने वर्षाचे ३०० रुपये, महिन्याला २५. दुरुस्ती निधीचे महिन्याला ७५. हाच दर चाळीस वर्षं चालू राहिला, तर एका फ्लॅटमागे सिंकिंग फंडात १२,००० रुपये जमतात, चोवीस फ्लॅटच्या इमारतीत २,८८,०००. वर व्याज धरलं तरी आजच्या भावाने बाहेरचं प्लास्टर, पाइप आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग एकदम करायला ही रक्कम कुठल्या कुठे अपुरी पडते. मग एके दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागतो, प्रत्येकी दीड-दोन लाख भरा. पेन्शनवर जगणारे काका-काकू हबकतात, वाद सुरू होतात, आणि दुरुस्तीऐवजी सरळ पुनर्विकासच करून टाका, असा सूर निघतो. कित्येक धडधाकट इमारती आणि त्यांच्याबरोबरची झाडं या एका कारणाने गेली आहेत.

उपविधींतले दर किमान आहेत, कमाल नव्हेत. सर्वसाधारण सभा ठराव करून ते वाढवू शकते. म्हणून ज्या सोसायटीने दहा वर्षांपूर्वीच दुरुस्ती निधी वाढवला, तिथे थोडं जास्त बिल आनंदाने भरा. तिथली समिती जागी आहे.

बिलातला दुसरा नेहमीचा वाद म्हणजे, "आमचा वन बीएचके, त्यांचा थ्री बीएचके, मग सेवाशुल्क सारखं का?" वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, सफाई, हिशेबनीस यांचा खर्च फ्लॅटच्या आकाराने बदलत नाही, म्हणून सेवाशुल्क सर्वांना समान असतं. लिफ्टचा खर्चही सगळ्यांवर समान, तळमजल्यावरच्यांनाही. पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. हे आकडे माहीत असले की निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत.

इमारत कशी बघावी

रविवारी सकाळी सगळ्याच सोसायट्या छान दिसतात. कामाच्या दिवशी रात्री नऊला जा, म्हणजे पार्किंग कळेल. संध्याकाळी सहाला जा, म्हणजे मुलं खेळतात की गाड्यांच्या मधून वाट काढतात ते दिसेल. आणि जमलं तर जुलैत, दोन दिवसांच्या झडीनंतर जा.

शेवटच्या मजल्यावरचं जिन्याचं छत बघा. पांढरे क्षार, फुगलेला रंग, उघड्या पडलेल्या गंजक्या सळ्या दिसल्या तर गच्ची गळतेय. इमारतीच्या मागच्या बाजूला, ड्रेनेजच्या पाइपलगत, भिंतीतून पिंपळाचं हातभर रोप बाहेर आलेलं असतं. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं, चिरेत ओल मिळते, आणि मुळं प्लास्टरच्या आत शिरतात. नुसतं कापलं तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोराने येतं. मुळासकट काढून ती फट बुजवावी लागते. अशी रोपं चार-पाच दिसली, तर या इमारतीकडे बरीच वर्षं कोणी मान वर करून बघितलेलं नाही, हे समजा.

संरचनात्मक तपासणीचा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा, अहवाल मागा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी व्हायला हवी. गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती संस्थेने दुरुस्त करायची, फ्लॅटच्या आतलं काम सभासदाने. त्यामुळे वरच्या मजल्याचं घर घेताना गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला किती वर्षं झाली, हा प्रश्न विकणाऱ्याला नव्हे, सेक्रेटरींना विचारा.

झाडांचं काय करायचं

या वस्त्यांची ओळख ज्या झाडांनी होते, त्यांच्याबद्दल सोसायट्यांत सगळ्यांत कमी माहिती असते, म्हणून इथे थोडं सविस्तर.

महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही, आणि तोडण्यात जाळणं किंवा इजा करणंही येतं. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि झाड तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याचं बंधन घातलं. साठीच्या दशकात वसलेल्या वसाहतीतली बहुतेक मोठी झाडं या वारसा वृक्षांत मोडतात. तुमच्या सोसायटीने हे एकदा इतिवृत्तात नोंदवून ठेवावं.

छाटणीचंही तसंच. मुंबईत आवारातल्या झाडांची छाटणी करायची तर वॉर्डाच्या उद्यान विभागाकडे सोसायटीने अर्ज करावा लागतो, आणि खर्चही तिनेच करायचा असतो. मे महिन्याच्या शेवटी धावपळ करण्यापेक्षा फेब्रुवारीतच अर्ज टाका. एप्रिल-मे हा कावळ्यांपासून कितीतरी पक्ष्यांचा घरट्यांचा काळ, त्यामुळे पक्ष्यांसाठीही लवकर केलेली छाटणी बरी.

छाटणीच्या दिवशी समितीतल्या कोणीतरी खाली उभं राहिलंच पाहिजे. कारण त्या दिवशी प्रत्येक गॅलरीतून सूचना येतात, "दादा, ही आमच्या खिडकीकडची फांदी घ्या ना पूर्ण." इमारतीकडच्या सगळ्या फांद्या गेल्या की झाडाचा तोल रस्त्याच्या बाजूला जातो आणि जुलैच्या वाऱ्यात तेच झाड कोसळतं. मग सगळे म्हणतात, झाड म्हातारं झालं होतं. छाटणी चहूबाजूंनी तोल राखून व्हायला हवी. मेलेल्या, किडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी. फांदी कापताना खोडाशी बोखा पडू देऊ नये, आणि फाटून साल निघू देऊ नये.

झाडं पडण्याचं दुसरं कारण आपल्या पायाखाली असतं. कंपाउंड चकचकीत करायचं म्हणून खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घातलं जातं. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. त्यात गॅसच्या पाइपसाठी, केबलसाठी खोडालगत चर खणला जातो आणि एका बाजूची मुळं कापली जातात. प्रत्येक खोडाभोवती निदान तीन फूट माती मोकळी ठेवा, आणि कुठल्याही ठेकेदाराला खणायला परवानगी देताना झाडापासूनचं अंतर परवानगीच्या पत्रातच लिहा. गुलमोहराची मुळं उथळ असतात, तिथे तर फारच जपा. एखादं झाड गेलंच, तर त्या जागी बहावा, ताम्हण, बकूळ, करंज यांतलं काही लावा. इमारतीपासून पुरेसं अंतर ठेवा आणि पहिली तीन वर्षं पाणी कोण घालणार त्याचं नाव ठरवा. वाळलेला पाला जाळू नका, एका कोपऱ्यात खड्डा करून कुजवा. पुढच्या वर्षी त्याच झाडांना ते खत लागेल.

मुलं, गाड्या आणि कंपाउंड

कंपाउंड कोणाचं, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात निकाल दिला. उघडी किंवा स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, ती संस्थेची सामाईक जागा. म्हणून विकणारा "पार्किंग आमच्या मालकीचं आहे" म्हणाला, तर वाटपाचा ठराव बघायला मागा.

गाड्या वाढल्या की पहिली कुऱ्हाड मुलांच्या खेळावर पडते. एक पाटी लागते, "येथे खेळण्यास सक्त मनाई आहे", आणि बघता बघता ज्या कारणासाठी कुटुंबं तिथे आली तेच कारण संपतं. यावर सर्वसाधारण सभेतच तोडगा काढा. संध्याकाळी पाच ते सात अमुक भागात गाडी उभी राहणार नाही, चेंडू रबरी, दुपारी दोन ते चार शांतता, काच फुटली तर खेळणाऱ्या सगळ्यांनी मिळून भरायची. नियम ठरवताना मुलांनाही बसवा. दहा वर्षांची मुलं स्वतः कबूल केलेला नियम मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात. कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदीचा ठराव करू नका, तो टिकत नाही. फिरवण्याची वेळ आणि साफसफाईची जबाबदारी ठरवा.

सभेला जा

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी, आणि तिची नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी. गणसंख्या एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांपैकी कमी ती. ती पुरी झाली नाही तर तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने पुन्हा भरू शकते आणि मग गणसंख्येची अट राहत नाही. म्हणजे तुम्ही टीव्हीसमोर बसलात, तर खाली आठ माणसं तुमच्या वतीने निर्णय घेऊन मोकळी होतात, आणि ते कायदेशीरही असतात. दुरुस्ती निधी, झाडं, खेळाची जागा यांपैकी तुमचा विषय 'ऐनवेळचे विषय' म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत मांडू नका. नोटीस निघण्याआधीच समितीला लेखी द्या आणि विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा.

पुनर्विकासाचा विषय कधीतरी येणारच, आणि काही इमारतींना तो खरोखर हवाही असतो. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे त्याला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. चर्चा बहुधा वाढीव चौरस फूट आणि भाड्याच्या रकमेवर अडकते. झाडांचा विषय निघतो तो नकाशे मंजूर झाल्यावर, तेव्हा उशीर झालेला असतो. तळघरातलं पार्किंग भूखंडाच्या कडेपर्यंत गेलं, की वर कितीही सुंदर बाग केली तरी ती स्लॅबवरची फूटभर माती. तिथे पर्जन्यवृक्ष कधीच उभा राहणार नाही. म्हणून निविदा काढण्याआधी आवारातल्या प्रत्येक झाडाची जात, खोडाचा घेर आणि नेमकी जागा दाखवणारा नकाशा सोसायटीने स्वतः करून घ्यावा आणि तो निविदेला जोडावा. तळघर कुठल्या बाजूला थांबेल, कुठली पट्टी खालपर्यंत मातीची राहील आणि गाड्यांचा उतार कुठून जाणार नाही, हे अटी म्हणून त्यातच लिहून घ्यावं.